पावसाळ्यात ग्रुपने कोकणात निघताय? आधी या चुका टाळा

मंडळाची, कॉलेजची नाहीतर ऑफिसातल्या पोरांची ट्रिप. सतरा सीटर ट्रॅव्हलर ठरवायची, पुण्यातून रात्री निघायचं, ताम्हिणी, माणगाव, महाड, कशेडी करत सकाळी दापोली नाहीतर गुहागर. दर जुलैत हाच प्लॅन आणि दर जुलैत कुठली ना कुठली गाडी घाटात बोनेट उघडून उभी दिसतेच. गाडी बंद पडणार, पाऊस झोडपणार, हे धरूनच चालायचं, त्याने ट्रिपची वाट लागत नाही. वाट लागते ती "आता एवढं आलोय तर जाऊच की" याने, आणि असं म्हणणाऱ्याला गप्प करायचा हक्क ग्रुपात कोणालाच दिलेला नसतो.

म्हणून निघायच्या आधीच एकाचं नाव ठरवा, तो म्हणाला मागे फिरा की फिरायचं, त्यावर मीटिंग नाही. हा माणूस पैसे गोळा करणारा नको बरं का, कारण त्याचा होमस्टेचा अॅडव्हान्स अडकलेला असतो आणि त्याला पाऊस नेहमी "कमी होतोय" असाच वाटतो. फेरविचार कुठे करायचा तेही ठरवून ठेवा. माणगाव त्यासाठी बेस्ट, तिथे चहाला थांबायचं, पुढचा रस्ता चालू आहे का विचारायचं, नसेल तर तिथूनच परत. होमस्टेवाल्याला बुकिंग करतानाच विचारा, रेड अलर्ट आला तर तारीख बदलून देणार का.

हवामान बघताना सगळे फक्त दापोलीचं बघतात. अरे पण तुम्ही जाणार घाटातून! २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि हवामान खातं २०४ मिलिमीटरच्या वर गेलं की त्याला अत्यंत मुसळधार म्हणतं, त्यावरून काय ते समजा. दुसरं म्हणजे नद्या बघा, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी. वर घाटात पाऊस कोसळत असताना खाली भरती असली की पाणी समुद्रात जायला वाव मिळत नाही आणि ते गावात शिरतं, त्यामुळे भरतीची वेळ पण बघून ठेवायची. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या एसटी आगारात पाणी एवढं चढलं की कर्मचारी बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते, मग आपल्या ट्रॅव्हलरचं काय घेऊन बसलात.

मॅपवर आंधळा भरवसा ही अजून एक चूक. भोरवरून वरंधा घाट जवळचा दिसतो म्हणून पोरं तिकडे वळतात, पण गेली काही वर्षं पावसाळ्यात तो बंद ठेवायच्या ऑर्डर निघतात आणि मॅपला ते वेळेवर कळेलच असं नाही. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारा, तो खरं सांगतो.

ड्रायव्हरला पण एक प्रश्न विचारायचाच, काल रात्री झोपलात का? दिवसभर लग्नाचं भाडं मारून आलेला माणूस रात्री धुक्यात ताम्हिणी चढवणार असेल तर सरळ पहाटे निघा. ट्रिप अर्धा दिवस छोटी होईल, होऊ द्या.

आता गाडी. चढावर टेम्परेचरचा काटा वर सरकला की पहिल्यांदा एसी बंद, मग मोकळी जागा बघून साइडला घ्या आणि इंजिन बंद करा. इथे हमखास कोणीतरी शहाणा धबधब्याचं पाणी बाटलीत भरून आणतो आणि तापलेल्या इंजिनवर ओततो. अजिबात नाही, इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, क्रॅक होऊ शकतं. रेडिएटरचं झाकण पण लगेच उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी प्रेशरने तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा, मग जाड ओलं फडकं ठेवून झाकण थोडंसंच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबला की काढा.

उतारावर ब्रेक दाबत दाबत आलात तर ब्रेकचे लायनर तापून जळका वास येतो आणि पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल तर विसराच. वास आला तर थांबून आपोआप थंड होऊ द्या, पाणी मारू नका.

रस्त्यावर पाणी वाहतंय आणि तळ दिसत नाही? जायचं नाही, विषय संपला. एक फूट वाहतं पाणी छोटी कार सरकवतं, दोन फुटांत मोठ्या गाड्या पण जातात. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत परत स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खर्च हजारांत नाही, लाखात जातो. ढकलून बाहेर काढा, मेकॅनिक येईपर्यंत चावी काढून खिशात.

आणि ढकलतानाची गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, भीतीच आहे. दहा जण मागे चिकटले की गाडीचे टेललाइट झाकले जातात, काळी जर्किनं, वरून धुकं, मागच्या ट्रकला काहीच दिसत नाही. एकाला टॉर्च घेऊन मागे लांब, मागून येणाऱ्याला वळणाच्या आधीच दिसेल असं, रस्त्याच्या कडेला उभं करा, धोक्याचा लाल ट्रायअँगल तिथेच ठेवा. बाकीच्यांनी गाडीत बसून गाणी लावायची नाहीत, बॅटरी पण उतरते आणि मागून ठोकर बसली तर सगळे आत. पण डोंगराच्या कापलेल्या कडेखाली पण उभं राहू नका. वरून गढूळ पाणी किंवा बारीक खडे यायला लागले की तिथून लगेच हला, दरड येण्याआधी कधी कधी एवढाच इशारा मिळतो.

स्टेपनी सगळे बघतात, तिच्यात हवा कोणी बघत नाही. जॅकखाली ठेवायला फळी घ्या, ओल्या मातीत जॅक रुततो. कॅश ठेवा, रेंज नसलेल्या जागी क्यूआर कोडचा काही उपयोग नाही. सगळ्यांच्या घरचे नंबर कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. इमर्जन्सीचा ११२ नंबर पाठ असू द्या, नॅशनल हायवेवर असाल तर हायवे हेल्पलाइनचा १०३३ पण. आणि उलटीची गोळी घाट लागल्यावर नाही, तासभर आधी घ्या, ड्रायव्हरला मात्र मळमळलं तरी देऊ नका, त्या गोळीने झोप येते.