बांधकामाच्या नोंदी बदलणारा एपीआय: डॉक्युमेंटेशन लिहिताना या चुका टाळा

एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्यातला डेटा वाचायची किंवा बदलायची सोय. नुसत्या वाचायच्या एपीआयचं डॉक्युमेंटेशन कच्चं राहिलं तर समोरच्याचा वेळ जातो. नोंदी बदलणाऱ्या एपीआयचं कच्चं राहिलं तर कुणाचं तरी बिल चुकतं. डीपीआर (रोजच्या कामाचा अहवाल), एमबी (मोजमाप वही), आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याने निघणारं बिल), स्टोअरचा स्टॉक यांत बाहेरून लिहू देणारं टूल असेल तर फील्डची नावं आणि टाइप यांचा तक्ता टाकून भागत नाही. तरी बरेच जण तेवढ्यावरच थांबतात, कारण स्वॅगर हे डॉक्युमेंटेशनचं टूल तो तक्ता आपोआप काढून देतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे न पाठवलेल्या फील्डचं काय होतं हे न सांगणं. बदल पाठवायचे दोन प्रकार: पुट म्हणजे अख्खी नोंद बदलणं आणि पॅच म्हणजे पाठवलं तेवढंच बदलणं, हे नियमाप्रमाणे. प्रत्यक्षात पुट मारूनही जुनी फील्ड तशीच ठेवणाऱ्या सिस्टिम आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला तुमची सिस्टिम कशी वागते ते कळायलाच हवं. समजा ॲपने स्लॅबच्या काँक्रीटची क्वांटिटी ३८ वरून ४२ घनमीटर करायला पुट मारला आणि ग्रेड, शेरा पाठवलाच नाही. उत्तर २०० (म्हणजे ‘काम झालं’) येतं, क्वांटिटी बरोबर दिसते आणि एम-२५ ही ग्रेड गायब झालेली असते. लक्षात येतं ते थेट बिलिंगच्या वेळी. म्हणून प्रत्येक अपडेट कॉलखाली तीन गोष्टी लिहाच: फील्ड पाठवलं नाही तर काय, नल (‘मूल्यच नाही’) पाठवलं तर काय, रिकामी स्ट्रिंग (अक्षर नसलेला मजकूर) पाठवली तर काय. जेसन मर्ज पॅच (फक्त बदल पाठवायची ठरलेली पद्धत, आरएफसी ७३९६) वापरत असाल तर नल म्हणजे ‘हे फील्ड काढून टाका’. तुम्ही तो अर्थ धरत नसाल तर तेही स्पष्ट सांगा.

एकक, आयटम नंबर आणि तारीख

‘क्वांटिटी: नंबर’ एवढंच लिहिलेलं डॉक्युमेंटेशन साइटवर कुचकामी आहे. आपल्याकडे वाळू आणि मुरूम ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. १२ ब्रास वाळू १२ घनमीटर म्हणून चढली तर जवळजवळ २२ घनमीटर कागदावरून नाहीशी होते. एककासाठी वेगळं फील्ड ठेवा, चालणाऱ्या एककांची पूर्ण यादी द्या आणि रूपांतर सर्व्हर करतो की पाठवणाऱ्याने करायचं हे लिहा.

बीओक्यू म्हणजे कामाच्या आयटमची क्वांटिटी-दरांसह यादी. तिच्यातला आयटम नंबर ही तर हमखास घोळ होणारी जागा. ४.१ आणि ४.१० हे दोन वेगळे आयटम आहेत, पण एक्सेल किंवा नंबर टाइपचं फील्ड दोघांना एकच करून टाकतं. मग दहाव्या आयटमची मोजमापं पहिल्याच्या दराने चढतात. हे फील्ड स्ट्रिंगच आहे असं ठळक लिहा आणि उदाहरणात मुद्दाम ४.१० घ्या. उदाहरणात १, २, ३ टाकणाऱ्या लेखकाने बीओक्यू कधी उघडलेली नसते, असं माझं मत झालंय.

तारखेच्या बाबतीत एक लक्षण ओळखून ठेवा. महिन्याचे पहिले १२ दिवस सगळं सुरळीत आणि १३ तारखेपासून एरर सुरू, असं झालं तर दिवस आणि महिना उलटे जातायत. आधीच्या १२ दिवसांच्या नोंदीही मग तपासाव्या लागतात, कारण त्या एरर न देता चुकल्यात. दुसरी गडबड टाइमझोनची. १ एप्रिलची रात्री १२ ची भारतीय वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ३१ मार्च, १८:३० होते. सर्व्हरने त्यातला फक्त तारखेचा भाग उचलला की बिल मागच्या आर्थिक वर्षात. डीपीआर आणि बिलाची तारीख ही नुसती तारीख असावी, वेळ जोडूच नये.

तेच पुन्हा पाठवलं तर?

बेसमेंटमध्ये रेंज नसते. ॲप नोंद पाठवतं, उत्तर येत नाही, ॲप पुन्हा पाठवतं आणि ४२ घनमीटरचे ८४ होतात. कुठला कॉल दोनदा पाठवला तरी चालतो आणि कुठला नाही, हे प्रत्येक कॉलच्या माथ्यावर हवं. आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखायची खूण) घेत असाल तर ती किती तास लक्षात ठेवता, आणि त्याच कीवर वेगळा डेटा आला तर काय करता, तेही लिहा.

मंजूर झालेल्या नोंदींचं प्रकरण याहून नाजूक. सरकारी कामात एमबीत खोडरबर चालत नाही. चुकलेला आकडा रेघ मारून खोडायचा, बरोबर आकडा लिहायचा आणि सही-तारीख टाकायची. एपीआयनेही मंजूर मोजमाप ओव्हरराइट करू न देता दुरुस्तीची वेगळी नोंद घेतली पाहिजे. ड्राफ्ट, सादर, तपासलेलं, मंजूर यांपैकी कुठल्या स्थितीत कुठलं फील्ड बदलता येतं, हा तक्ता बऱ्याच डॉक्युमेंटेशनमध्ये नसतोच आणि मग सपोर्टला त्यावरून फोन येतात.

एररचं पान लिहिताना नुसता अर्थ देऊ नका, पुढे काय करायचं ते द्या. ४१२ हा एरर कोड म्हणजे तुम्ही वाचल्यानंतर दुसऱ्या कुणीतरी नोंद बदलली. ताजी नोंद आणा, फरक माणसाला दाखवा, मग पाठवा. नवा ई-टॅग (नोंदीच्या आवृत्तीची खूण) घेऊन जुनाच डेटा डोळे मिटून पुन्हा पाठवला तर बिलिंगवाल्याची दुरुस्ती पुसली जाते. ४०९ ला (नोंदीच्या सध्याच्या स्थितीशी बदल जुळत नाही) नोंद लॉक आहे का ते बघा. ४२९ ला (फार भराभर विनंत्या आल्या) उत्तरातल्या रिट्राय-आफ्टर या हेडरमध्ये दिलेला वेळ थांबा. २०० येऊनही बदल दिसत नसेल तर फील्डच्या नावाचं स्पेलिंग तपासायला सांगा, कारण बऱ्याच सिस्टिम अनोळखी फील्ड मुकाट्याने सोडून देतात. २०२ आलं असेल तर काम अजून रांगेत आहे, आणि ते झालं का हे कुठे बघायचं ती लिंक तिथेच द्या.

उदाहरणातली यूआरएल टेस्ट प्रोजेक्टचीच ठेवा. लोक ती वाचत नाहीत, कॉपी करून थेट चालवतात.