दहावीच्या सवलती: तयारी नववीतच

मुलाला एलडी, म्हणजे अध्ययन अक्षमता असेल, तर दहावीच्या सवलतींच्या मागे नववीच्या जूनपासूनच लागा. सरकारी रुग्णालयात तपासणीची तारीख पटकन मिळत नाही आणि एका फेरीत काम उरकतही नाही. बुद्ध्यांक, वाचन, लेखन, गणित सगळं वेगवेगळं तपासतात. मुंबईकर सायन, नायर किंवा केईएमला जातात. सोबत शाळेचं पत्र, जुनी प्रगतिपुस्तकं, आधार कार्ड, फोटो, डोळे आणि कान तपासल्याचे कागद ठेवा. वह्याही न्या, पण घरी बसवून नीट लिहून घेतलेल्या नकोत, रोजच्याच न्या. गाळलेल्या वेलांट्या आणि फळ्यावरून अर्धवट उतरवलेली वाक्यं डॉक्टरांना दिसू द्या.

प्रमाणपत्र हाती आलं की नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि मुदत तपासा. बोर्डाचा फॉर्म भरताना दिव्यांगत्वाचा रकाना भरलाय ना, हे शाळेत जाऊन स्वतः बघा. प्रस्ताव शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो. कुणी 'नंतर बघू' म्हणालं तर गप्प बसू नका: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. ही कुणाची मेहरबानी नाही. गणितात सवलत घेण्याआधी मात्र अकरावीला कुठे जायचंय, हे मुलाशी बोलून घ्या.

सगळ्यात जास्त कष्ट लेखनिकावर घ्या. तो खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून नववीतला शांत, सुवाच्य अक्षराचा मुलगा किंवा मुलगी दिवाळीआधीच शोधा आणि दोघांना एकत्र बसवा. लेखनिक मनाने काही लिहीत नाही. 'प्रश्न दोन, अ, नवी ओळ' इथपासून सगळं सांगावं लागतं. मुलं उत्तर भराभर बोलून टाकतात आणि लिहिणारा मागे राहतो. दर ओळीला थांबायची सवय सरावानेच लागते. पूर्वपरीक्षा याच जोडीने द्यावी. ताशी २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. तेवढं बसण्याचाही सराव हवा.

परीक्षेआधी मंजुरीचं पत्र हॉल तिकिटासोबत लावा आणि केंद्रसंचालकांना भेटून वेगळ्या खोलीची सोय विचारा, कारण बोलून सांगायचंय. लेखनिक ऐनवेळी आजारी पडला तर बदलीसाठी कोणते कागद लागतील, तेही त्याच भेटीत विचारून ठेवा.