कळलावी लावताय? कंद रताळ्यांपासून लांब ठेवा

पहिला पाऊस मुरला की बांधाच्या कडेने, कुंपणात कळलावीच्या वेलाचे कोंब वर येतात. खड्यानाग, अग्निशिखा ही हिचीच नावे. कंद नांगरासारखा, म्हणून संस्कृतात लांगली. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप बेंबीवर, तळपायांना लावायची जुनी रीत होती आणि आयुर्वेदानेही हिला उपविषांत धरले आहे. हे विष म्हणजे कोल्चिसिन. 1820 मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी ते कोल्चिकम या दुसऱ्याच वनस्पतीतून वेगळे केले. गाउटवर, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या विकारावर, ते आजही देतात. याच मागणीमुळे तमिळनाडूत दिंडीगुल, करूरकडे बियांसाठी कळलावीची शेती होते.

खरेदीदार आधी ठरवा, मग कंद आणा. 50 ते 60 ग्रॅमचे निरोगी कंद निवडा. कंदाच्या टोकाला एकच डोळा असतो. तो मोडला तर कंद उगवत नाही, म्हणून पोत्यात दाबून भरू नका. लागवडीआधी लिटरला 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात अर्धा तास बुडवा. जमीन निचऱ्याची हवी; सरीत पाणी साचले की कंद कुजलाच. सरी-वरंब्यावर साधारण 60 × 45 सेंमीवर लावा. पानांच्या टोकांच्या ताण्यांनी वेल चढतो, त्यामुळे उगवण होताच आधार द्या. फुलात स्त्रीकेसर बाजूला काटकोनात वळलेला असतो, आपोआप फळधारणा कमी होते. सकाळी 8 ते 11 या वेळेत हाताने परागण केले तर शेंगा भरतात. शेंग हिरवी जाऊन पिवळसर, सुरकुतलेली दिसली की तोडा आणि सावलीत वाळवा.

आता धोक्याचे. कंद, बिया, पाने, फुले, सगळेच विषारी. कोल्चिसिनची औषधी गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. कंदाच्या लहानशा तुकड्यात त्याच्या कित्येक पट विष असू शकते. उकळून ते जात नाही. रताळे किंवा कणगर समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. त्यामुळे बेण्याचे कंद घरात, ओट्याखाली नकोत. वेगळ्या पेटीत, कुलपात, वर ठळक ‘विष’ लिहून ठेवा. हाताळताना रबरी हातमोजे घाला. रस त्वचेला झोंबतो. खणणीनंतर उरलेले तुकडे वेचा, गुरांच्या वाटेवर टाकू नका. गौरीसाठी फुले तोडली तर हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका.

खाल्ल्यावर साधारण 2 ते 12 तासांत तोंडाची आग, उलट्या, जुलाब सुरू होतात. जुलाब थांबले म्हणजे सुटलो, असे समजू नका. पुढच्या काही दिवसांत रक्तपेशी घटतात, किडनी आणि हृदयावर परिणाम होतो. जो वाचतो त्याचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात. सहज मिळणारा उतारा नाही. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. लक्षणांची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्या आणि उरलेला कंद, पान सोबत घ्या. ‘कळलावी खाल्ली’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.