एकच कॅल्शियम सल्फेट, तीन हेडिंग

कस्टम्स वर्गीकरणाच्या, म्हणजे आयात-निर्यातीच्या मालाचा टॅरिफ कोड ठरवायच्या, कामाला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. एका इनव्हॉइसवर ‘सर्जिकल ग्रेड कॅल्शियम सल्फेट, किट’ असं होतं. कॅल्शियम सल्फेट म्हणजे प्लास्टर, प्लास्टर म्हणजे हेडिंग (कोडचे पहिले चार अंक) २५२०, असं धरून मी कोड टाकून मोकळी झाले. आमच्या वरिष्ठांनी कागद परत माझ्यापुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, “हे हाडात गेल्यावर त्याचं पुढे काय होतं?” मला सांगता येईना.

तो माल मोडलेल्या हाडातली पोकळी भरण्याचा होता. सुईने आत सोडायचा. त्याच्या आधाराने नवं हाड वाढतं आणि तो स्वतः हळूहळू शरीरात शोषला जातो. हार्मोनाइज्ड सिस्टीम म्हणजे मालाच्या कोडची आंतरराष्ट्रीय पद्धत; तिच्या एक्स्प्लनेटरी नोट्समध्ये, म्हणजे अधिकृत स्पष्टीकरणात, ३००६ (ठरावीक वैद्यकीय वस्तू) खालीच लिहिलंय, की असे बोन ग्राफ्टचे (हाडाच्या कलमाचे) पर्याय इथे येत नाहीत, ते ३००४ (औषधं) मध्ये जातात. मी तेवढं पान उघडलंच नव्हतं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी आधी कॅल्शियम सल्फेटच शिकायला सांगते. दंतकामासाठी खास भाजलेलं किंवा बारीक दळलेलं प्लास्टर २५२० मध्ये. त्यात रंग, डेक्स्ट्रिन, केओलिन असे घटक वजनाने २ टक्क्यांहून जास्त असतील तर ती दंतकामाची ‘प्रिपरेशन’ ठरते आणि ३४०७ मध्ये जाते. हाडात भरायचं ते ३००४. रसायन एकच, हेडिंग मात्र तीन.

‘बोन सिमेंट’ वेगळं. कृत्रिम सांधा हाडाला घट्ट बसवणारं हे सिमेंट बहुधा अॅक्रेलिकचं असतं, पावडर आणि द्रव मिसळून घट्ट होणारं. प्लास्टिक आहे म्हणून चॅप्टर ३९ कडे धावू नका. चॅप्टर ३० ची टीप ४ वाचा: त्या यादीतल्या वस्तू ३००६ मध्येच, दुसऱ्या कुठल्याही हेडिंगमध्ये नाहीत. दात भरायची सिमेंट्स आणि इतर फिलिंग यांनाही हीच टीप लागू होते, म्हणून दोन्ही ३००६.४० मध्ये. रूट कॅनालमध्ये भरायचे गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) पॉइंटसुद्धा तिथेच.

दाताच्या मालात मला एक प्रश्न फार उपयोगी पडला: तोंडात घातलेलं तोंडातच राहतं का? साचा घेऊन काढून टाकायचं इम्प्रेशन मटेरियल ३४०७ मध्ये. कवळी चिकटवायची पेस्ट ३३०६. तयार कृत्रिम दात ९०२१.२१. पण हा प्रश्न वाट दाखवतो, निकाल देत नाही; वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांपैकी नियम १ प्रमाणे निकाल हेडिंगच्या शब्दांवर आणि सेक्शन-चॅप्टरच्या टिपांवरच. सहा अंकांपुढचं मग ज्या त्या देशाच्या टॅरिफमध्ये पाहायचं.

कॅटलॉगमधल्या नावावर विसंबू नका. विक्रेते ग्राफ्टलाही ‘सिमेंट’ म्हणतात. वापराची पुस्तिका मागवा; पदार्थ घट्ट होऊन टिकतो की शोषला जातो, हे बहुधा तिथेच कळतं. प्लास्टरच्या मालाला तीही पुरत नाही: उत्पादकाकडून घटकांची वजनी टक्केवारी लेखी घ्या आणि ती फाइलला लागेपर्यंत २५२० की ३४०७ हे ठरवू नका.