छत्री फिरवण्याआधी वीज तपासा : फिरत्या डिश अँटेनाबाबत होणाऱ्या चुका

ठाण्याहून मुरबाडला किंवा खारघरहून कर्जतला सुट्टीसाठी निघताना गाडीच्या डिकीत लहान डिश टाकणारी मंडळी पडद्यावर ‘नो सिग्नल’ दिसताच छत्री फिरवू लागतात. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेवरील उपग्रह ठाण्यातून आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंच असतो आणि कर्जत-मुरबाडला त्या उंचीत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक पडतो. घरी जुळवलेला उंचीचा कोन तसाच ठेवून छत्री आग्नेयेस वळवली, तरीही सिग्नलची पट्टी शून्यावरून हलत नसेल, तर संशय दिशेऐवजी विजेवर घ्यावा.

छत्रीपुढील एलएनबीला, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडून बॉक्सकडे पाठवणाऱ्या छोट्या यंत्राला, विजेची स्वतंत्र वायर नसते. सेट टॉप बॉक्स त्याच केबलमधून त्याला उभ्या ध्रुवीकरणासाठी (म्हणजे उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरींसाठी) १३ आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट पाठवतो. त्यामुळे दोन्ही ध्रुवीकरणे वापरणाऱ्या सेवेत काही वाहिन्या नीट दिसून उरलेल्या एकगठ्ठा गायब असतील, तर १८ व्होल्ट पोहोचत नसल्याची शक्यता बळावते.

बारा व्होल्टचा बॉक्स गाडीच्या बॅटरीवर बारीक, लांब वायरने चालवणे ही नेहमीची चूक आहे. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांत अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास असते, अर्धी उतरली की ती १२.२ वर येते, आणि त्यातून वायरमधील घट वजा झाली की बॉक्सला आतल्या आत १८ व्होल्ट तयार करणे जड जाते. बॉक्सवरील दिवा मात्र पेटलेलाच राहतो, आणि तोच माणसाला फसवतो. वायर जाड व आखूड ठेवावी, आणि जोडण्यापूर्वी बॉक्सवर लिहिलेले व्होल्टेज व पिनची धन-ऋण बाजू वाचावी, कारण सगळेच बॉक्स बारा व्होल्टचे नसतात.

खरा घोळ बहुधा कनेक्टरमध्ये सापडतो. केबल सोलताना बाहेरील जाळीचा एखादा केसाएवढा तंतू मधल्या तारेला टेकला की शॉर्ट होतो, आणि अनेक बॉक्स अशा वेळी एलएनबीचा पुरवठा स्वतःहून तोडतात. केबलची दोन्ही टोके सोडवून मल्टिमीटरने मधली तार व जाळी यांच्यात जोड नाही ना, हे पाहावे. एलएनबी जोडलेला ठेवून केलेल्या या मोजणीला अर्थ नसतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात कनेक्टर हिरवा पडतो, तेव्हा मल्टिमीटर आणखी एक हुलकावणी देतो : मोकळ्या टोकाला प्रवाह वाहत नसल्याने तो निवांत १८ व्होल्ट दाखवतो आणि एलएनबी जोडताच ते कोसळतात. यावर साधा उपाय म्हणजे दोन-तीन मीटरच्या चांगल्या केबलने बॉक्स थेट एलएनबीला जोडून पाहणे; चित्र आले, तर दोष जुन्या केबलचा किंवा तिच्या कनेक्टरचा.

एका केबलच्या दोन करणारा केबल टीव्हीचा जुना स्प्लिटर मध्ये टाकू नये. त्यातले बरेचसे डीसी, म्हणजे एलएनबीला लागणारी वीज, पुढे जाऊ देत नाहीत, आणि एलएनबीकडून येणाऱ्या ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या सिग्नलसाठी ते बनवलेलेही नसतात. दोन बॉक्स चालवायचे असल्यास दोन आउटपुटांचा एलएनबी घ्यावा.

कुठलाही कनेक्टर काढण्या-लावण्यापूर्वी बॉक्सचा प्लग काढावा, कारण रिमोटने बंद केलेला बॉक्स केबलमध्ये व्होल्टेज ठेवू शकतो.