स्टोरीलाइनमध्ये बटणाची हॉवर स्टेट बदलताना

स्टोरीलाइन हे ई-लर्निंग कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर; हॉवर स्टेट म्हणजे कर्सर वर आल्यावर बटणाचं दिसणारं रूप. बटण निवडा, खालच्या स्टेट्स पॅनेलमध्ये ‘एडिट स्टेट्स’ दाबा, हॉवर निवडा आणि रंग बदला. शेवटी ‘डन एडिटिंग स्टेट्स’ विसरू नका. साध्या आकाराला हॉवर स्टेट आयती मिळत नाही; ‘न्यू स्टेट’मधून तीच तयार स्टेट जोडा, वेगळ्या ट्रिगरची (‘हे झालं की ते कर’ अशा आज्ञेची) गरज पडत नाही.

हॉवरमध्ये बटण सरकवू किंवा लहान करू नका. कडेवरचा कर्सर बाहेर पडतो, बटण मूळ रूपात येतं, पुन्हा हॉवर लागतं आणि ते लुकलुकत राहतं. रंग गडद करणं सर्वांत सुरक्षित. मात्र अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ हवा. टचस्क्रीनवर कर्सर नसतो, म्हणून महत्त्वाची सूचना फक्त हॉवरमध्ये कधीच ठेवू नका.