झाडावरच्या मुंग्या मोजताना या चुका टाळा

गोव्यातल्या मोले, नेत्रावळी किंवा खोतीगावच्या रानात मुंग्यांवर प्रकल्प करणारे विद्यार्थी बहुधा एकाच जागी घसरतात. बुंध्याशी आमिष ठेवायचं, आलेल्या मुंग्या बाटलीत भरायच्या आणि अहवालात लिहायचं, 'झाडावरील मुंग्या'. बुंध्याशी सापडणाऱ्या कित्येक मुंग्यांचं घर जमिनीत असतं, त्या नुसत्या चरायला वर जातात. उलट शेंड्यात घरटी करणाऱ्या बऱ्याच जाती खाली फिरकतही नाहीत. पेरूच्या वर्षावनात एकाच झाडाच्या शेंड्यात कीटकनाशकाचा धूर सोडून पाडलेल्या मुंग्यांत मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन यांना ४३ जाती मिळाल्या. ती नोंद १९८७ ची. बुंध्यावरून एवढं कधीच कळलं नसतं. (आपल्या अभयारण्यात मात्र आमिष लावायचं असलं तरी आधी वनखात्याची परवानगी काढा.)

शेंड्यापर्यंत पोचलात तरी सगळा दोष उंचीच्या माथी मारू नका. पाच, दहा, वीस मीटर असे पट्टे पाडले की तक्ता देखणा दिसतो, पण मुंग्यांना फरक पडतो तो उन्हाने, वाऱ्याने आणि सुकेपणाने. एखादा जुना किंदळ कोसळून रानात भगदाड पडलं, की शेंड्यावरचं ऊन पार खाली येतं. आणि उंच फांदीच्या बेचक्यात कुजलेला पाला साठून माती झाली असेल, तर ओलाव्यात राहणाऱ्या मुंग्या तिथेही मिळू शकतात. म्हणून उंचीसोबत ऊन, सुकी काटकी, ढोली, बांडगूळ हेही लिहून ठेवा.

आडव्या दिशेची चूक याहून महाग पडते. काजूच्या बागेत शेजारशेजारची दहा झाडं घेतली म्हणजे दहा नमुने झाले असं धरतात. हुमल्यांचं, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांचं, एकच कुटुंब कितीतरी झाडांवर पसरलेलं असतं. पानं जोडून केलेली घरटी अनेक, राणी त्यांतल्या एकाच घरट्यात. दहा झाडं म्हणजे कदाचित एकच नमुना! शंका असेल तर एका झाडावरचे दोनचार हुमले काटकीवर घेऊन दुसऱ्या झाडावर सोडा. घरचे असतील तर मिशांनी चाचपून पुढे जातात. परके असतील तर तिथले हुमले त्यांचे पाय धरून चारी बाजूंनी ताणतात. हात सांभाळा, हुमला चावतो आणि त्या जखमेवर आम्लही सोडतो.

अशा बागेत एका जातीची हद्द संपली की दुसऱ्या जातीची सुरू होते, जणू गोधडीचे तुकडे. कीटकशास्त्रज्ञ डेनिस लेस्टन यांनी १९७३ मध्ये ही कल्पना मांडली ती कोकोसारख्या बागायती पिकांसंदर्भात. तीच जशीच्या तशी तांबडी सुर्लाच्या रानावर लादू नये. एकसुरी लागवडीत हद्दी ठळक दिसतात. मिश्र जुन्या रानात त्या पुसट असतात, काही ठिकाणी नसतातही. शिवाय गारंबीचा एक वेल चार झाडं जोडतो आणि मुंग्यांना रस्ता मिळतो. कोणती झाडं कशाने जोडलीत याचा साधा नकाशा काढल्याशिवाय आमिष लावूच नये, असं माझं मत आहे.

आता नेहमीच्या अडचणी. आमिष घालून टांगलेली नळी रिकामीच राहिली? बहुतेक वेळा ती फांदीला टेकलेली नसते, हवेत लोंबकळत असते. उलट झाडावर नसलेली जमिनीवरची जात वर सापडली, तर दोरी तपासा; जमिनीपर्यंत आलेली दोरी मुंग्यांसाठी आयता जिना होते. खालच्या टोकाला ग्रीस लावा. प्रत्येक नळीत एकच जात मिळते? तुम्ही उशिरा पोचलात. पहिल्या काही मिनिटांत बारक्या मुंग्या येऊन जातात, मग पोट वर उचलून क्रेमॅटोगॅस्टर नावाच्या मुंग्यांची रांग येते आणि बाकीच्यांना हुसकावते. नुसता मधही पुरत नाही. शेंड्यात किडींचा गोड स्राव मुबलक, नत्र (म्हणजे प्रथिनं) कमी. म्हणून शेजारी टूना मासा ठेवा. दुपारी कोणी आलं नाही तर रात्री बघा.

आकडे मांडताना डोकी मोजू नका. एका नळीत दोनशे मुंग्या आल्या म्हणजे घरटं जवळ आहे, इतकंच. किती नळ्यांत ती जात हजर होती, तेच लिहा.